रुपरावांच्या नावची पहिली आवृत्ती

(१९८१. धंतोलीतलं घर. गिरिधरपंतांना जाऊन महिना झालेला. त्यांच्या पत्नी यमुताई आणि जुने स्नेही प्राध्यापक रुपराव.)

यमुताई : चहा होतोय भाऊजी, तोवर खुर्ची अशी जवळ ओढा. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात ना, तसं एक लावते. नायक आमचे हे.

रुपराव : अन् खलनायक मी असन. सात वर्षं बोलले नाही पंत माह्याशी. काहून, ते अजून समजलं नाही मले.

यमुताई : तेच सांगतेय. तुमच्याकडची ती अमेरिकन कादंबरी, लेखकानं सही करून दिलेली.

रुपराव : सहीच तेवढी. पुस्तक पाचव्या छपाईचं. पहिली आवृत्ती पंतांपाशी होती, बिनसहीची.

यमुताई : तुमच्याकडची ती सही पाहून आले आणि ह्यांना अन्न गोड लागेना. कुहीच्या धानवाल्याच्या मुलाला, म्हणजे तुम्हाला, अमेरिकेतून पत्रं येतात, आणि आमच्या घरात तीन पिढ्यांचं इंग्रजी, हेच दिवसभर. हसा, हसा. त्या लेखकाला ह्यांनी दोन पत्रं घातली. उत्तर नाही. मग आपली ती पहिली आवृत्तीच धाडली, बोटीच्या टपालानं. सोबतच्या पत्राखाली नाव घातलं तुमचं.

रुपराव : माह्यं?

यमुताई : तिकडे ओळख तुमची होती ना. पत्ता मात्र स्वतःच्या कचेरीचा. वाटलं, म्हातारा नुसती सही करून परत पाठवेल. पाच महिन्यांनी पुडकं आलं. हे घ्या, उघडा.

रुपराव : 'नागपूरचे माझे स्नेही रुपराव यांस.' अन् खाली सही. वहिनी, त्या साली त्याचं पत्र आलं होतं मले, दुसरी प्रत पोचली का म्हणून. म्हातारा चळला, असं समजलो मी.

यमुताई : हे ब्लेड घेऊन बसले होते. नाव खरवडावं तर सहीचा कागद फाटणार, दाखवावं तर लबाडी उघडी पडणार. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळून देवघरातल्या पोथ्यांखाली सारलं. मी बापडी सात वर्षं त्यावर फुलं वाहत होते.

रुपराव : अन् जाताना म्हणाले, रुपरावले द्या?

यमुताई : नाही हो, खोटं कशाला सांगू. दवाखान्यात सगळं सांगितलं आणि वर बजावलं, रुपरावच्या नजरेला पडू देऊ नकोस. चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून कीर्तन ऐकलं, पण मत्सर काही सुटला नाही. त्यांचं हे एवढंच मी ऐकलं नाही.

रुपराव : मी तरी कोणता संत आहो? लकडगंजच्या रद्दीवाल्याकडे दर रविवारी जात होतो. एक रविवार धानाच्या रोवणीसाठी गावी कुहीले गेलो, अन् नेमकी तेव्हाच ही प्रत पंतांच्या हाती लागली. पंधरा वर्षं जळून राहिलो मी. त्यांच्या तोंडावर मुद्दाम म्हणत होतो, आवृत्तीत काय ठेवलंय, सही पाहा.

यमुताई : माहीत आहे. घरी येऊन शब्द न् शब्द सांगायचे.

रुपराव : आता कोणत्या तोंडानं घेऊ हे? पुस्तक त्यांचं आहे.

यमुताई : नाव तुमचं आहे. घ्या. फक्त, ह्यांचं नाव त्यात कुठंच नाही. कोणी पाहायला आलं, तर ही प्रत कोणी शोधून काढली, तेवढं सांगत जा.