हाडांच्या सुपातली मुळं

थांब, पिशवीत काय आहे ते आधी दाखव — डुकराची हाडं ना? वाटलंच मला. आणि मागतेस काय, तर तोफुकलिंगची मुळं, सासऱ्यांच्या गाउटसाठी. म्हणजे दोन्ही एकाच मडक्यात, मंद आचेवर तीन तास — हो की नाही? मग मी नाही देणार. रागावू नकोस, पोरी. अगं, मुळं चांगलीच आहेत, सूज उतरवतात, पण नुसत्या पाण्यात उकळली तर. हाडांचा सगळा अर्क सुपात उतरतो आणि तोच जाऊन सांध्यांत बसतो. औषध आणि दुखणं एकाच वाडग्यात वाढायचं, हा कुठला शहाणपणा? — नाही, तुला एकटीला नाही बोलत. आपल्या या शुंद गावात घरोघरी हेच चालतं. इथे सून चांगली की वाईट, ते तिचं सूप किती तास चुलीवर होतं त्यावर ठरतं.

कोण, आउयेंग वैद्य? आमचेच हे. आज बसणार नाहीत. उद्याही नाही. गावाला गेलेत — छे, गावाला कसले, इस्पितळात आहेत. तू बस ना. माझं सोड, मला सकाळपासून एका जागी बसवत नाहीये, हा खण उघड, तो खण लाव, काय शोधतेय तेच कळत नाही.

त्यांनाही गाउटच. अकरा वर्षं. आधी अंगठा, मग घोटा, मग हात. नाडी बघणाऱ्या माणसाची बोटं गं — गाठी आल्या, मनगटावर धड टेकेनात. आणि मी रोज हेच सूप करत होते, मुळं घालून. मला काय माहीत? ते पुढे दुकानात, मी मागे स्वयंपाकघरात. मला वाटायचं, औषधच तर आहे त्यात. तेही मुकाट्याने प्यायचे.

नवीन वर्ष झालं आणि त्यांना पेन धरवेना, म्हणून चिठ्ठ्या लिहायला मी शेजारी बसले. पहिलाच रोगी एक मासेविक्या, पाय टम्म सुजलेला. हे म्हणाले, लिही, मुळं हाडांबरोबर शिजवायची नाहीत, त्याने दुखणं वाढतं. मी लिहिलं. त्यांनी वर पाहिलं नाही, मीही नाही. जेवायला बसलो, तर त्यांनी वाडगा रिकामा केला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "अजून आहे का थोडं?"

मग बंद केलं का, म्हणतेस? तेच तर — नाही केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाडं आणली. बंद केलं असतं तर अकरा वर्षं मीच त्यांना — म्हणजे, तसं कबूल करावं लागलं असतं ना. ते बोलेनात, मी बोलेना. दोन महिने रोज वाढलं, कळूनसवरून वाढलं. लाज वाटायची, तरी वाढलं.

परवा लघवीच बंद झाली. किडनीवर गेलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाण्यात काय काय असायचं ते खरं सांगा, पुढचं सगळं त्यावर ठरवायचंय. तर हे म्हणतात, "बिअर. मित्रांबरोबर, शिंपल्या आणि बिअर." जन्मात थेंब घेतला नाही गं या माणसाने. मुलगा चिकहोंग खाटेशेजारी उभा राहून बापाला नाही नाही ते बोलला, आईने एवढं जपलं आणि तुम्ही असे, म्हणाला. हे भिंतीकडे बघत ऐकत राहिले. मी तिथेच होते, हातात डबा घेऊन. तोंड उघडलं नाही मी. डब्यात काय होतं ते नको विचारूस.

चारला भेटायला सोडतात. आज सांगणार आहे, चिकहोंगला, डॉक्टरीणबाईंना. तुला सांगितलं तसंच सांगायचं, त्यात एवढं काय अवघड आहे? — पण तू माझी कोण? कोणी नाहीस, म्हणून जमलं. अशी बघत काय बसलीस? ऊठ. मुळं दुसरीकडे घे, आणि जा बाई, जा आता.