शहाण्यासारखा बसला

डॉक्टर: आता उभे राहा, एल्बिओ. हात सैल सोडा. आतून सारखं हलावंसं वाटतं?

एल्बिओ: नाही.

डॉक्टर: आईकडे नका बघू. मला सांगा.

एल्बिओ: नाही म्हटलं ना.

डॉक्टर: बरं, बसा. पाय तर छान स्थिर आहेत. आणि ते कानात येणारे आवाज?

एल्बिओ: येतात. नदीकडून.

डॉक्टर: नील्दाबाई, आज सुईचा डोस वाढवू या. औषध सोसतंय तुमच्या मुलाला.

नील्दा: वाढवा, बाई. आज घरी नेऊ ना याला?

डॉक्टर: न्या की. बाही वर करा, एल्बिओ.

(सुई देऊन होते.)

नील्दा: शाब्बास रे माझ्या राजा! कसा शहाण्यासारखा बसलास! आठवडाभर सराव करून घेतलाय, बाई.

डॉक्टर: कसला सराव?

नील्दा: बसायचा! समोर खुर्ची टाकून मी डॉक्टर व्हायचे. पाय हलला की चापट.

डॉक्टर: म्हणजे एरवी हलतो?

नील्दा: हलतो? अहो, ‘माते’ चहाचा एक घोट घेण्यापुरतंही बूड टेकत नाही. स्वयंपाकघर ते फाटक, फाटक ते स्वयंपाकघर. शेजारीण म्हणते, पायसांदूहून मॉन्तेविदेओला चालत पोचला असता एव्हाना.

डॉक्टर: कधीपासून हे?

नील्दा: सुया सुरू झाल्यापासून. आधीचे डॉक्टर याला फेऱ्या मारताना बघायचे आणि म्हणायचे, आजार उफाळला. की टाक वेड्यांच्या वॉर्डात. म्हणून तर शिकवलं.

डॉक्टर: अहो, तो आजार नव्हे! सुईनेच होतं ते. तेच तपासत होते मी. दिसलं असतं तर डोस कमी केला असता.

नील्दा: मग तसं बोलायचं ना, बाई! आम्हाला काय कळतं?

डॉक्टर: बोलायला हवं होतं. चुकलंच माझं.

नील्दा: काढा ते औषध. काहीतरी करा.

डॉक्टर: निघत नाही हो. महिनाभर अंगात झिरपत राहतं. त्रास कमी करायची गोळी देते, पण ती किती लागू पडेल, देव जाणे.

नील्दा: माझ्याच हाताने केलं मी. माझ्याच हाताने... अरे, तोंडातून रक्त कसलं हे?

एल्बिओ: गाल चावून धरला होता.

डॉक्टर: एल्बिओ, आता खरं सांगा. आत कसं वाटतंय?

एल्बिओ: कातडं सोलून फेकावं आणि सुटावं.

नील्दा: मग बोलला का नाहीस रे?

एल्बिओ: तूच म्हणालीस, बोललास तर घरी नाही. आई, आता उठू का?