थोडीशी हवा

मले एक सांगा, गाडी माही, टायर म्या घेतले, मग हवेची चिंता साऱ्या गावाले काहून?

जुन्या सेडानले रिमोल्ड, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले, टायर बसव म्हणून घरचे मागं लागलते. म्या ऐकलं नाही. साध्या कंपनीचे घेतले, पण नवे कोरे. हवाही दाराच्या स्टिकरवर लिहिली तेवढीच, टायर थंडे असताना भरली.

पोरीच्या साक्षगंधाची तारीख काढायले कळंबले निघायचं होतं. पाह्यतो तं मागचा टायर बसलेला.

"पंक्चर?"

"नाही रे," बाबा म्हणाले. "ऊन लय हाये, टायर फुटू नये म्हणून थोडीशी हवा सोडली."

साळा म्हणाला, "भाऊजी, थोडीशी तं म्याबी सोडली."

दारातून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कोणी सोडली हे मले काय माहीत? म्हणून म्याबी थोडीशी सोडली."

"अरे, कमी हवेनंच टायर तापते अन् फुटते! कंपनीनं स्टिकर काय शोभेले लावलं?"

गाडी हळूहळू पंपावर नेली, पुन्हा हवा भरली अन् कळंब येईपर्यंत तिघायले लेक्चर देलं. "आता कोणी टायरले हात लावला तं त्यानं एसटीनं यावं!"

कळंबले होणाऱ्या व्याह्यायनं प्रेमानं घरात बसवलं, पाणी देलं अन् म्हणाले, "बसा, मी आलोच. ऊन लय हाये."

म्या ग्लास तोंडाले लावला, अन् अंगणातून आवाज आला, फुस्स्स.

बाबा हळूच म्हणाले, "जाय ना आता, दे लेक्चर."