महादेवची जोडी अन् माहा अंगठा

आमी सिहोऱ्याकडचे, धानवाले. धान निंगालं का गावात शंकरपट भरे, बैलजोड्या पळत, अन् टाइम मोजाची घडी माह्या बापाच्या हातात राहे. बाप गेला अन् घडी माह्याकडं आली. दुसरं काई नाई आलं, पन मानाची चीज होती ना! जुनीले एकच बटन. तेच दाबलं का चाले, तेच दाबलं का थांबे, तेच दाबलं का काटा शून्यावर ये. अंगठ्याले दुसरं काई शिकवाच नाई लागलं.

यंदा जवाई, जवाहरनगरले राहते तो, हे मनगटावरची घडी घेऊन आला. बोलला, बाबूजी, आता पटाचा टाइम इच्यावरच घ्या. तिच्यावर तीन लहान चकत्या. खालची हे रोजचा सेकंद, बाकीच्या दोनाईत चाललेले मिनिट अन् घंटे. मधातला लांब काटा रोजचा नोहे, तो उगाच उभा राहते, मले तं वाटलं बिघडलीच. वरचं बटन दाबलं का तो पळते, पुना दाबलं का थांबते. अन् काटा पुना बाराव, म्हंजे बाराच्या आकड्यावर आनाले खालचं बटन, तेही थांबवल्यावरच. जवाई दहादा बोलला, मी हो हो केलं, आपल्याले काय सांगते म्हनून.

पटाच्या सकाळी चायच्या टपरीवर घडी दाखवून राहिलो होतो. वरचं दाबलं, पळवला, थांबवला, लोक वा वा करून राहिले. तेवढ्यात पुकारा झाला, पयली जोडी महादेवची. महादेव म्हंजे माहा लहानपनचा दोस्त. त्याचा चांद्या बैल म्हातारा झाला होता, हा त्याचा आखरीचा पट, अन् महादेव सोता हाकत होता. मी पळत गेलो. झंडी पडली, वरचं दाबलं. जोडी आली, दाबलं. काट्यावरचा आकडा वाचला, भोंग्यावर बोलला गेला.

दुसऱ्या जोडीले काटा बाराव आनाले गेलो अन् ध्यानात आलं, महादेवच्या आंधी आनलाच नोता. काटा टपरीवरूनच पुढं उभा होता ना जी! मी तिथंच ओरडलो, माही चूक झाली, टाइम जास्त आला. पंच बोलले, किती जास्त? मले काय ठाव, मी पाह्यलंच नोतं. मी म्हनलं, मंग पुना पळवा. ते बोलले, एका पटात एक जोडी एकदाच, बैल का मशीन आहे? महादेवचा नंबर गेला. त्यानं चांद्याची पाठ थोपटली अन् जोडी घरी नेली. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

मंग एक दिवस तोच दारात आला. चाल, घडी घे. पटाचं मैदान रिकामं होतं, आमी दोघंच. मी काटा बाराव आनला, तीनदा पाह्यलं. त्यानं जोडी सोडली. टाइम पयल्यापेक्षाही जास्त आला. महादेव हासला. पाह्य गा, तुही घडी सच्चीच होती, माहा बैलच म्हातारा झाला, आता जीवाले लावून घेऊ नोको.

पन मी समोरच उभा होतो ना, काय सांगू तुमाले. चांद्या पळाले मांगत होता, मान ताणून, फेस गाळत. अन् महादेवनं दोन्ही हातानं कासरा मांगं वढून धरला होता. माह्यासाठी त्यानं आपल्याच बैलाले हरवलं.

आता चांद्या त्याच्या दारात बांधून राहते, मी गेलो का माहाच हात चाटते. महादेवले देव सुखी ठेवो. तो इचारते, मनातलं गेलं ना बे? मी हो म्हनतो.