नकाशा थोरल्याकडे, होकायंत्र धाकट्याकडे

मंडळी, एक विचारतो. उत्तर मनातच द्या, शेजारी बायको बसलीय! माणूस रानात वाट चुकला, तर त्याला सोडवतं कोण? नकाशा? यंत्र? की देव?

‘देव’ म्हणालात, आजोबा? वा! पण तो देव येतो कुणाच्या तोंडानं? ते आज ऐका. कथा गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. झांजवाले, जरा हळू.

घाटमाथ्याखाली, देशाच्या बाजूला, खरवडी नावाचं गाव. तिथं दोन भाऊ. थोरला जनार्दन, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. धाकटा मुकुंद, पिठाची गिरणी चालवणारा. वडील गेले आणि वाटण्या झाल्या. कशा? अंगणात दोरी धरून! विहिरीला मधोमध भिंत. पाटा एकाकडे, वरवंटा दुसऱ्याकडे! हसता काय? तुमच्या गावात झालं नाही असलं? मग तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. अकरा वर्षं!

आई म्हातारी. जाताना तिनं दोघांना दोन बाजूंना बसवलं आणि म्हणाली, “कोकणातल्या सोमजाईला माझी ओटी राहिलीय रे. डोंगरातून पायी न्यायची बोलले होते. दोघांनी मिळून न्या. एकट्यानं नेलीत, तर मला पोचायची नाही.” एवढं बोलली नि डोळे मिटले.

आता काय करता? आठ दिवसांची वाट, सगळी घाटमाथ्यानं. जुने वाटाडे राहिले नाहीत. भाद्रपद संपता संपता दोघं पुण्याला गेले, डोंगरात चालणाऱ्यांच्या दुकानात. शेजारी शेजारी उभे, पण बोलणं दुकानातल्या मुलीशी!

जनार्दन म्हणाला, “यांना विचारा, मोबाईल पुरेल का?”

मुकुंद म्हणाला, “त्यांना सांगा, वाडीत वीज नसली की मोबाईल म्हणजे आरसा!”

पोर हुशार होती. म्हणाली, “काका, मोबाईल न्या, पण भरवसा ठेवू नका. कागदी नकाशा घ्या. हे बघा, या रेषा लांब लांब असल्या की सपाटी. एकमेकींना चिकटल्या की कडा! होकायंत्र घ्या. नकाशावर ठेवायचं, उत्तर दिशा जुळवायची, की वाट आपोआप बोलते. आणि हे जीपीएस. सेल संपले की गप्प, म्हणून जादा सेल.”

घेतलं सगळं. आणि घरी येऊन, मंडळी, काय केलं असेल? वाटणी! नकाशा जनार्दनाकडे, होकायंत्र मुकुंदाकडे. जीपीएस जनार्दनाकडे, त्याचे जादा सेल मुकुंदाकडे! जनार्दनाची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, “अहो, देवीला निघालात की कोर्टात?”

पण जनार्दनाच्या मनातलं सांगू? त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. त्याला वाटलं, सामान असं वाटून घेतलेलंच बरं. आता हा मला सोडून जायचा नाही. बघा! भावानं जवळ राहावं म्हणून वाटणी करणारा माणूस! तोंडानं ‘ये’ म्हणवत नव्हतं ना!

चालले. पहिला दिवस मुका. दुसरा मुका. तिसऱ्या दिवशी जनार्दनाच्या टाचेत काटा मोडला. मुकुंदानं न बोलता त्याचा पाय मांडीवर घेतला, सुईनं काटा काढला आणि म्हणाला, “दादा, टाच अजून आईसारखीच भेगाळलेली रे तुझी.” अकरा वर्षांनी ‘दादा’! जनार्दन दुसरीकडे बघत राहिला. मंडळी, तेव्हाच तो बोलला असता तर!

सहावा दिवस. दुपार. माथ्यावर वाट फुटली, एक डावीकडे, एक उजवीकडे. मोबाईल कधीच मेलेले. जीपीएसही तिथंच गप्प झालं.

“सेल दे,” जनार्दन म्हणाला.

“देतो. आधी नकाशा दाखव.”

“नकाशा मला कळतो. डावीकडे जायचं.”

“होकायंत्र पश्चिम उजवीकडे दाखवतंय. तुझंच कसं दर वेळी खरं रे? वाटणीतही तुझंच! आईच्या दुखण्यात मी उशाशी होतो, तू उगवलास शेवटच्या दिवशी!”

“तूच कळवलं नाहीस मला!”

“भिंतीपलीकडे राहत होतास! खोकला ऐकू येत नव्हता?”

झालं! मुकुंद पाय आपटत उजवीकडे गेला. होकायंत्र त्याच्याकडे, सेल त्याच्याकडे. जनार्दन दगडावर बसला, मांडीवर नकाशा. अहो, ते होकायंत्र त्या कागदावर ठेवायला किती वेळ लागतो? मी जांभई देईपर्यंत!

आणि धुकं आलं. असं की आपलाच पाय दिसेना. जनार्दनानं नकाशा डोळ्यांशी धरला, बोटानं उजवी वाट धरून पुढे गेला, आणि बोट थांबलं. रेषा चिकटलेल्या! एकीवर एक, काळ्या. कडा! 

तेवढ्यात धुक्यातून हाक आली. “दादा!”

मंडळी, आता कसं सांगू तुम्हाला? जनार्दनाच्या ओठांवर आलं होतं, ‘थांब, पुढं कडा आहे!’ पण मनात काय आलं? आली ना गरज! मारू दे अजून एक हाक.

“दादा, कुठं आहेस रे?”

आवाज घाबरलेला. जनार्दन उठून उभा राहिला. तोंड उघडलं, आणि परत मिटलं. त्याला वाटलं, अजून एकदा म्हणू दे. मग बोलतो.

“दादा ऽऽ!”

“मुकुंदा! हालू नकोस!” जनार्दन ओरडला. किती जोरात ओरडला!

तिकडून काही आलं नाही.

रात्र कशी गेली, ते विचारू नका.

सकाळी धुकं विरलं. खालच्या वाड्यावरचा कोंडिबा झोरे, धनगर, म्हशी घेऊन वर आला. त्यानंच कड्याखाली बघितलं. मग माणसं आणली, झोळी केली, मुकुंदाला वर घेतलं. कुणीतरी होकायंत्र नकाशावर ठेवलं. त्या दोन्ही वाटा चुकीच्या! खरी वाट मागे दोनशे पावलांवर खिंडीत उतरत होती.

कोंडिबा जनार्दनापाशी येऊन बसला. तंबाखू मळता मळता म्हणाला, “दादा, काल तिनदा हाळी आयकली म्या. उठलो व्हतो यायला. मग म्हनलं, भाऊ भावाला हाळी घालतुया, त्यो हाय की जवळच. म्हनून बसलो.” आणि मान वर करून त्यानं साधंच विचारलं, “तुमास्नी आयकू न्हाई आली व्हय?”

तुम्ही काय सांगितलं असतं?

दिवसकार्य झालं. जनार्दन एसटीनं सोमजाईला गेला, ओटी घेऊन. गुरवानं हात पुढे केला. जनार्दनाला देववेना. ‘दोघांनी मिळून’ म्हणाली होती. तो ओटी उराशी धरून पायरीवर बसला. संध्याकाळी गुरवानं दार ओढलं, तरी बसलेलाच. देवीनं ती घेतली की नाही? मला माहीत नाही. मी कथेकरी आहे, देवीच्या वतीनं माफी वाटायचा अधिकार मला नाही.

आजोबा, तुम्ही ‘देव’ म्हणालात. बरोबरच म्हणालात. त्या दिवशी देव यायला निघाला होता, जनार्दनाच्या गळ्यापर्यंत आला होता. ओठ मिटलेले होते, तो तरी काय करणार?

आता जनार्दनाला शिव्या देऊ नका. खाली बघा, स्वतःकडे. गेल्या दिवाळीला कुणाचा तरी फोन वाजला. नाव बघितलंत आणि फोन पालथा ठेवलात. मनात म्हणालात, करू दे अजून एकदा, मग बोलतो. होय ना? मी नाव घेत नाही. तिसऱ्या खांबाशी कुणी मान खाली घातलीय, तेही मी बघितलं नाही.

आरतीचं तबक तयार आहे. पण मी ते धरून उभा राहतो, हात दुखेपर्यंत. देवाला घाई नाही. ज्याला कुणी आठवलं असेल, त्यानं उठावं, मांडवाबाहेर जावं आणि आधी त्याला ओ देऊन यावं. पहिल्या हाकेची ओ राहिली असेल, तर दुसरीला द्या. तिसरी होईल, असं धरून चालू नका.

उठा. मला राग यायचा नाही.