दोन जास्तीचे टोले

सन्माननीय अध्यक्ष तात्यासाहेब, व्यासपीठावर विराजमान शिवाजीराव, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आपल्या गोल्फ मंडळाचे चिटणीस दिनकरराव, सौ. इंदुताई, आणि एवढ्या उन्हात लष्कर आणि मोरार भागांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

गेल्या माघातल्या एका सकाळी मी चेंडू सात टोल्यांत खळग्यात घातला, असे सांगितले. लागले होते पाच. दिनकररावांच्या निरोपाच्या दिवशी मी स्वतःचेच काय सांगत बसलो, असे आपल्याला वाटेल. पण त्यांच्याविषयी मला जे सांगायचे आहे, ते या दोन टोल्यांवाचून सांगता येत नाही.

इथे बसलेल्या पुष्कळांना हा खेळ ठाऊक नसेल. सहा वर्षांपूर्वी मलाही नव्हता. मी दरबारच्या बांधकाम खात्यातला हेडक्लार्क. मोरारच्या वाटेवरचे माळरान सपाट करायचे काम निघाले, त्याची पाहणी करायला गेलो. पाहतो तो दिनकरराव, रेल्वे कचेरीतले एवढे मोठे अधिकारी, डोक्याला रुमाल बांधून एका काठीने चेंडू मारताहेत आणि त्याच्यामागे मुकाट्याने चालताहेत. मी विचारले, "रावसाहेब, काही हरवलं का?"

"अजून नाही," ते म्हणाले. "हरवलं की तुम्हीही शोधायला या."

गेलो, तो आजतागायत शोधतोच आहे.

खेळ साधा आहे. माळावर नऊ खळगे. त्यांच्याभोवती हिरवळ हवी, पण ग्वाल्हेरच्या वैशाखात हिरवळ कोणाकडे मागायची? म्हणून तेल शिंपडलेली वाळू. कमीत कमी टोल्यांत चेंडू खळग्यात घालायचा, एवढेच. मला खरे नवल वाटले ते हँडिकॅपचे. कच्च्या खेळाडूला पक्क्यापुढे टोल्यांची सूट मिळते. ज्याचा आकडा चोवीस, त्याच्या बेरजेतून चोवीस टोले वजा होतात. पैलवान आणि कारकून एका आखाड्यात उतरावेत आणि कुस्ती बरोबरीची व्हावी! हा न्याय कोणाच्या डोक्यातून निघाला असेल, याचा मी कितीतरी दिवस विचार करीत होतो.

आपल्या मंडळात मात्र ज्याने त्याने आपला आकडा आपणच सांगायचा, अशी रीत पडली होती. शिवाजीराव, आपली परवानगी गृहीत धरतो. आपण शून्य सांगितला होता.

(शिवाजीराव म्हणताहेत, "आजही तोच सांगेन!")

त्यावेळीही ते असेच कडाडले होते, "आमच्या घराण्यानं रणात सूट मागितली नाही, ती या लिंबाएवढ्या चेंडूपुढे मागू? बिलकुल नाही!" त्यानंतर ते प्रत्येक सामना हरले, पण ताठ मानेने हरले.

मी चोवीस सांगितला. गावच्या शाळेत आमच्या पंतोजींनी शिकवले होते की आपले थोडे कमीच सांगावे. त्या शिकवणीने मी रोजच्या प्रत्येक फेरीत इथे एक, तिथे दोन टोले वाढवून सांगत आलो. लोक म्हणत, बळवंतराव किती विनयशील! तेही मला गोड लागे. पुढे कार्तिकात वार्षिक सामना झाला, तेव्हा शेवटच्या फेरीत माझ्यासमोर दिनकरराव होते. सामन्यात टोले पंच मोजत, तिथे वाढवणे नव्हते; चोवीसची सूट मात्र होतीच. मी एका टोल्याने जिंकलो. चांदीचा पेला घरी नेला आणि देवघरात ठेवला. रोजचे तीर्थ त्यातूनच.

मग पौषात दिनकररावांनी आपले मंडळ हिंदुस्थानच्या मोठ्या गोल्फ संस्थेत दाखल करायचे ठरवले. तिचे दफ्तर कलकत्त्याला. आम्ही साखळी घेऊन एकेका खळग्याचे अंतर मोजले, नकाशा पाठवला, मंडळ दाखल झाले. आता प्रत्येकाने तीन फेऱ्यांची कार्डे पाठवायची, त्यांवर सोबतच्या खेळाडूची सही हवी, म्हणजे संस्था अधिकृत आकडा देणार. मी दिनकररावांना विचारले, "कलकत्त्यातल्या माणसानं मला पाहिलेलं नाही. मी किती उणा आहे, हे त्याला कसं कळणार?"

"तुम्ही सांगाल ना, त्यावरून," ते म्हणाले.

माघातली ती सकाळ माझ्या पहिल्या कार्डाची. दिनकरराव कार्ड लिहीत होते, आमचा माळी दौलतसिंह झेंडी धरून उभा होता. चौथ्या खळग्यावर मी म्हणालो, "सात."

दौलतसिंह म्हणाला, "पंडितजी, पाँचही तो हुए!"

मी हसून म्हटले, "अरे, सात धर. आम्ही कसले खेळाडू?"

दिनकररावांनी पेन्सिल थांबवली. माझ्या हाताकडे पाहून म्हणाले, "बळवंतराव, तुमचा अंगठा कुठल्या पेरावर आहे?"

मंडळी, मी जप करतो तसा टोलेही बोटांच्या पेरांवर मोजतो. अंगठा पाचव्या पेरावर होता.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "या कार्डात नम्रतेला रकाना नाही. शिवाजीराव दोन कमी सांगतात, त्यात नुकसान त्यांचं. तुम्ही दोन जास्त सांगता, त्यानं तुमची सूट वाढते, नुकसान समोरच्याचं. मी सही करणार नाही." आणि कार्ड फाडून दौलतसिंहाच्या टोपलीत टाकले.

समोरचा म्हणजे कोण, हे मला घरी पोहोचेपर्यंत उमगले नव्हते. देवघरात बसलो, पेला हातात घेतला, आणि कार्तिकातला समोरचा आठवला. त्यांनी कार्तिकाचे नावही काढले नव्हते. पुढेही कधी काढले नाही.

मी तीन कार्डे नव्याने खेळलो. पेरांवर जे आले तेच बोललो. दिनकररावांनी तिन्हींवर सह्या केल्या. बेरीज पाहताच माझे मला कळले. माझा आकडा पंधराच्या आसपास होता, चोवीस नव्हे. म्हणजे कार्तिकात मी एका टोल्याने जिंकलो नव्हतो, आठ टोल्यांनी हरलो होतो. ही कार्डे कलकत्त्याला गेली की पंधराचा आकडा मंडळाच्या फळ्यावर लागणार, आणि कोणीही शाळकरी हिशेब करील की बळवंतरावांच्या घरचा पेला त्यांचा नाही. ज्याला लोक सज्जन म्हणतात, त्याला हे सोसवत नाही. मी पाकीट टेबलाच्या खणात ठेवले. फाल्गुन गेला, चैत्र गेला. दिनकरराव भेटत, हवापाण्याचे बोलत. पाकिटाचे एकदाही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. मी काहीतरी सबब तरी सांगितली असती.

त्या दिवसांत एक प्रश्न मनात येऊन बसला, तो अजून उठलेला नाही. रोज देवापुढे 'मी अपराधी, मी पतित' म्हणतो, ते मोजून म्हणतो की रीत म्हणून? मोजायला बसलो तर काय निघेल?

वैशाखात कळले की दिनकरराव पेन्शन घेऊन मुलाकडे साताऱ्याला चालले. त्या दिवशी घरी सगळे सांगितले. आमच्या मंडळींनी पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस देवाचं तीर्थ तुम्ही दिनकरभावजींच्या भांड्यातून देत होता? आणि मी ते रोज चिंचेनं घासत होते!"

दुसऱ्या दिवशी मी पडाव भागातल्या टपालखान्यात पाकीट टाकले. गेल्या सोमवारी उत्तर आले. अधिकृत हँडिकॅप, पंधरा. पत्र मी स्वतः फळ्यावर लावले आहे. शिवाजीराव, आपले कोरे कार्ड अजून दिनकररावांच्याच खिशात आहे. त्यांना गाडीत बसवण्याआधी तेवढे भरून द्यावे, ही विनंती.

दिनकरराव, आपण सहा वर्षे हे मंडळ चालवलेत, आम्हा सर्वांच्या वतीने मी आपले आणि इंदुताईंचे मनापासून आभार मानतो. तात्यासाहेबांनी मला बोलू दिले आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल ऋणी आहे. मानपत्राच्या जागी स्वतःचीच कथा सांगितली, त्यात कोणाचा अवमान झाला असेल किंवा मर्यादा सुटली असेल, तर थोर मनाने पोटात घाला.

आता तात्यासाहेबांना एवढीच विनंती, की समोर रेशमी रुमालात झाकून ठेवले आहे ते दिनकररावांच्या हाती द्यावे. परवा सराफ्यात नेऊन त्यावरचे माझे नाव घासून काढवले आणि त्यांचे कोरवले. घासलेल्या जागी चांदी थोडी खोल गेली आहे. सराफ म्हणाला, भरून देतो. मी म्हटले, राहू दे.