अर्धा नारळ

—नाय साहेब, तो नारळ खाली नका ठेवू. हातातच ऱ्हाऊ द्या. बसा, बसायला कोण नको बोलतंय? पुढल्या महिन्यात तुमी आपल्या देशी, अमेरिकेला परत चाललात, मुद्दाम घिवलीला भेटायला आलात, बरं वाटलं. पण यंदा पुनवेला मी तुमच्याबरोबर नारळ फोडणार नाय.

आठवतं ना? चार वर्सांमागं, याच ओट्यावर — तुमी वीजघराच्या कामावरून पापलेट न्यायला यायचात — मी तुमाला आमची रीत सांगितली. पुनवेला दोन होडीवाले एक नारळ फोडतात, अर्धा-अर्धा खातात. मग एकाची होडी अडचणीत आली की दुसऱ्यानं आपलं जाळं कापायचं आन धावायचं. जाळ्यात किती का म्हावरं असेना — कापायचं. तुमी बोललात, पुंडलिक, आपले देश असेच हायेत. तुमी मताच्या पेटीत चिठ्ठी टाकता, आमी पण टाकतो, चिठ्ठीवाले एकमेकांना बुडू देत नायत. आन अर्धा नारळ खाल्लात. मला खरंच वाटलं. का नाय वाटणार? येवढा शिकलेला माणूस.

माझा देवू नेवीत जायला तयार नव्हता. त्याला घरची होडीच बरी होती. मीच मागं लागलो — जा रे, भितोस कशाला, साहेबाची येवढी मोठी होडी आपल्या जोडीला हाय. जमना बोलली, एकुलता एक पोर हाय ओ. तिला मी गप्प बसवली.

मग गेल्या साली लढाई झाली. पलीकडं शेजारच्या देशात लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या, तर जिंकला त्याला बसू दिलं नाय, वर माणसं मारली. रेडिओला कान लावून बसायचो मी. मनात बोललो, आता साहेबाचे लोक येतील. आले की. तुमचं जहाज आलं — पेटी लाथाडली त्याच्या बाजूनं. देवूचं जहाज तोवर बुडालं होतं, सौराष्ट्राकडं. तुमी नाय बुडवलं, खोटं कशाला बोलू? पण आपला अर्धा नारळ कुठं गेला, साहेब?

मान खाली नका घालू. तुमचा एकट्याचा काय दोष — तुमच्या सरकारचं जाळं भरलेलं असेल. भरलेलं जाळं कापवत नाय माणसाला. मला ठाऊक हाय ना. माझ्याबरोबर नारळ फोडलेल्या दादूनं बुडताना हाक मारली तेव्हा माझं जाळं पण घोळ माशानं भरलं होतं. बोललो, येवढं ओढून घेतो, मग जातो. किती वेळ? एक विडी ओढायला लागतो तेवढा. पोचलो तर नुसती वल्ही तरंगत होती. गावात सांगितलं, वाऱ्यात हाक ऐकूच आली नाय. दादू म्हणजे आमच्या जमनाचा भाऊ — हे मी तुमाला का सांगत बसलोय? चौदा वर्सं कोणाला सांगितलं नाय.

देवू गेल्याचा कागद आला तेव्हा जमना दर्याला शिव्या देत होती. माझ्या तोंडून एक निघाली नाय.

ती बघा, आलीच. हातात राखी हाय. दरसाल दादूच्या नावानं आमच्या होडीला बांधते. बोलते, माझ्या भावासाठी धावलेली होडी हाय. उठा साहेब तुमी. चहा विचारेल ती, थांबू नका. आन तो नारळ घेऊन जा.